वावराचा बेस: १/३५ डायोरामासाठी काळी माती, भेगा अन धुरा

डायोरामाचा, म्हणजे छोट्या मॉडेलभोवती उभ्या केलेल्या देखाव्याचा, बेस करायला बसलात की पहिले स्केलपट्टी हातात घ्या, माती नंतर. रणगाडा असो का ट्रॅक्टर, किट बरोबर मापातच येतं, पण त्याच्या खालची जमीन आपण करतो आणि तिचं माप कोणी बघतच नाही. १ मिलिमीटरचा रेतीचा कण १/३५ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याच्या मापात, साडेतीन सेंटिमीटरचा गोटा होतो, १/७२ मध्ये तर ७ सेंटिमीटरच्याही वर जातो, आणि आपण नाल्याची रेती सरसकट पसरवून त्याला शेत म्हणतो. जमिनीतल्या प्रत्येक गोष्टीला माप असतं, ते पाळलं की अर्धं काम झालं.

मी इथं आपल्या विदर्भातलं कपाशीचं वावर (शेत) धरून सांगतो, मार्च-एप्रिलमधलं, वेचणी संपलेली, पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) अजून उभीच, जमिनीला भेगा पडलेल्या, एका बाजूनं धुरा (बांध) आणि धुऱ्याला लागून पांदण (गाडीवाट). भंडारा-गोंदियाकडचे असाल तर धानाची बांधी (भाताचं खाचर) करा, पण तिची माती आणि रंग तिथलाच घ्या, यवतमाळची काळी माती तिकडं चालणार नाही.

एकदा वावरात जाऊन मापं घ्या, फोटो काढताना बाजूला पट्टी किंवा पेन ठेवा. दोन तासांतलं (कपाशीच्या ओळींमधलं) अंतर ४ फूट असेल तर १/३५ मध्ये ते ३५ मिलिमीटरच्या आसपास येतं, साडेतीन फुटी झाड ३ सेंटिमीटरचं, ५ सेंटिमीटर रुंद भेग दीड मिलिमीटरची, फूट-दीड फूट उंच धुरा ९ ते १३ मिलिमीटरचा. ए-फोर कागदाएवढा बेस घेतला तर खऱ्या मापात जेमतेम १०.४ बाय ७.३ मीटर जागा मिळते, त्यात एक ट्रॅक्टर, तीन-चार तास आणि पांदण एवढंच बसतं, विहीर, झोपडी, बैलगाडी सगळं कोंबू नका. आणि पांदण बेसच्या कडेला समांतर कधीच ठेवू नका, जरा तिरपी घ्या, लगेच फरक दिसतो.

खाली १२ एमएम प्लाय लावा, सुताराकडं तुकडे पडलेलेच असतात. दोन्ही बाजूंनी वार्निश मारून घ्या, नाहीतर वरून ओला थर बसला की प्लाय वाकतो. त्यावर फ्रिज-टीव्हीच्या पॅकिंगचा थर्माकोल फेविकॉलनं चिकटवायचा, मधून चार-पाच टूथपिक खोचायच्या आणि वर वजन ठेवून द्यायचं, दोन थरांच्या मधलं फेविकॉल लवकर वाळत नाही त्यामुळं घाई नको. थिनरवाले गम आणि स्प्रे पेंट थर्माकोल खाऊन टाकतात, ते लांबच ठेवा. मग कटरनं आकार द्या, आणि इथं एक गोष्ट बघा, पांदण बहुतेक वावरापेक्षा खाली गेलेली असते, वर्षानुवर्षं गाड्या जाऊन आणि पावसाचं पाणी वाहून, म्हणून ती वावराच्या पातळीपेक्षा थोडी खोल कोरा.

वरच्या थराला नुसतं पीओपी वापरू नका, पातळ थर ठिसूळ होतो आणि टवका उडाला की पांढरं दिसतं. अंड्याचे ट्रे रात्रभर भिजवा, जुन्या मिक्सरमधून काढा, पाणी पिळून टाका, मग दोन वाट्या लगद्याला एक वाटी वॉल पुट्टी आणि अर्धी वाटी फेविकॉल. रंग ह्यातच कालवायचा, हार्डवेअरच्या दुकानात फरशीसाठी काळं-लाल ऑक्साइड सुटं मिळतं, काळं जास्त आणि लाल चिमूटभर. मिश्रण थालीपीठाच्या पिठाएवढं घट्ट हवं. ३-४ मिलिमीटरचा थर द्या आणि बोट लावल्यावर चिकटत नाही पण दाबलं जातं अशा वेळेपर्यंत थांबा.

तीच वेळ खुणा उमटवायची. ट्रॅक्टरचं चाक ओलं करून फिरवा, मागच्या १३.६-२८ टायरची रुंदी १/३५ मध्ये साधारण १० मिलिमीटर येते. बैलगाडीच्या चाकाची धाव (लोखंडी पट्टी) अडीच इंचाची धरली तर चाकोरी जेमतेम पावणेदोन मिलिमीटरची होते, बहुतेक जण ती बोटाएवढी करून ठेवतात. दोन चाकोऱ्यांच्या मधे बैलांची खुरं उमटवा, टूथपिकचं टोक कापून मधोमध चीर द्या की दोन अर्ध्या फाकांचा शिक्का तयार होतो, खूर तसाच असतो, आणि सगळी खुरं एकाच दिशेनं गेलेली हवीत. मॉडेलसुद्धा आत्ताच दाबून बघा, चाकाखाली पातळ प्लॅस्टिक घालून. दोन-अडीच टनाचं यंत्र जमिनीत थोडं रुतलेलंच पाहिजे, टायरखालून उजेड दिसला तर बाकीची मेहनत वाया जाते.

आता भेगा. सुईनं कोरलेल्या भेगा कोरलेल्याच दिसतात, त्या मातीलाच पाडू द्या. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते, पाणी पिऊन फुगते, वाळली की आक्रसते, म्हणून तर उन्हाळ्यात वावर फाटतं, आणि तेच बेसवर छोट्या मापात होतं. वावरातलं ढेकूळ फोडा, कढईत चांगलं गरम करून घ्या म्हणजे किडे-अंडी राहत नाहीत, मग आधी पिठाच्या चाळणीतून आणि नंतर जुन्या सुती कापडातून गाळा. पाणी घालून रबडी करा, फेविकॉल चार-दोन थेंबच, जास्त झालं तर भेगच पडत नाही. तासांच्या मधल्या जागेत २ मिलिमीटरचा थर द्या आणि सावलीत वाळू द्या. थर जितका जाड तितकी भेगांच्या मधली ढेपळी मोठी, म्हणून पहिले पुठ्ठ्यावर दोन-तीन जाडीचे तुकडे करून बघा आणि तुमच्या मापाला बसतो तो घ्या. भेगा पडल्यावर पाण्यातलं फेविकॉल ओतायचं नाही भाऊ, माती परत फुगते आणि भेगा मिटतात. सुताराचं स्पिरिटवालं लाखेचं पॉलिश पातळ करून ड्रॉपरनं सोडा, स्पिरिटनं माती तशी फुगत नाही आणि थर्माकोलही खात नाही.

रंगाचं म्हणाल तर काळी माती वाळल्यावर काळी नसतेच, दुपारच्या उन्हात बघा, राखाडी-तपकिरी दिसते. पॉलिशनं ती गडद होते आणि तशीच राहते, म्हणून फिक्या राखाडी-तपकिरी रंगात ब्रश बुडवायचा, कापडावर जवळजवळ कोरडा करायचा आणि ढेपळ्यांच्या कडांवरून हलका फिरवायचा, भेगेच्या आत रंग जाऊ द्यायचा नाही. पांदणीवर मुरूम पडलेला असेल तर विटेची पूड कापडातून गाळून भुरभुरवा.

पऱ्हाटीला जळालेल्या मोटरच्या वायंडिंगची तार सगळ्यात भारी, रिवाइंडिंगवाल्याकडं भंगारात मिळते. पाच-सहा बारीक तारा पिळा, वर जाता जाता एकेक फांदी बाहेर काढा, फेविकॉल लावून मातीची पूड चढवा आणि वाळल्यावर तपकिरी रंग द्या. झाडं फूट-फूट अंतरानं म्हणजे ९ मिलिमीटरवर येतात, पण मधे मधे खाडे (रिकाम्या जागा) ठेवा, खऱ्या वावरात पण असतात. काही बोंडांत कवडी (न वेचलेला उरलासुरला कापूस) राहिलेली दाखवायची असेल तर कापसाचा मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा कण चिमट्यानं लावा, त्याच्या खाली गडद तपकिरी ठिपका द्या, तेच फुटलेलं बोंड. एका झाडावर दोन-तीन पुरे, वेचणी झालेली आहे हे विसरू नका.

धुऱ्यावरच्या गवताला सुतळी ७-८ मिलिमीटर कापून उसवा, छोटे झुबके करून टोचलेल्या भोकांत फेविकॉलनं बसवा. एप्रिलचं गवत पिवळं, मोडकं, ढोरांनी खाल्लेलं असतं, त्यामुळं वाळल्यावर कात्रीनं वेडंवाकडं कापा. हिरवा रंग कुठंच नको.

शेवटी मॉडेल त्याच्या खुणेत बसवून चिकटवा आणि बेसवर वापरलेली तीच गाळलेली माती कोरड्या ब्रशनं टायरवर, मडगार्डच्या आतून आणि पायदानावर लावा. चाकावर दुसरीच धूळ असली तर गाडी दुसऱ्या गावाहून आणून ठेवलेली वाटते. पावसाळ्यात काम करत असाल तर लगद्याचा थर पूर्ण वाळल्याशिवाय रंग-पॉलिश काहीच लावू नका, आतला ओलावा अडकला की बुरशी येते, चार-पाच दिवस पंख्याखाली राहू द्या.