गवत वाढण्याआधी: जुन्या राइडिंग मोअरची तयारी

ओहायो-मिशिगनकडे एप्रिल सरता सरता लॉन कापायला येतं. घराबरोबर आधीच्या मालकाचा जुना राइडिंग मोअर (वर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र) पदरात पडला असेल, तर मार्चअखेरचा एक कोरडा शनिवार त्याच्यासाठी राखून ठेवा. हिवाळाभर उभं राहिलेलं असं मशीन चालू झालं नाही की लोक ते मोडीत काढायला निघतात. बहुतेक वेळा दोष शिळ्या पेट्रोलचा नाहीतर उतरलेल्या बॅटरीचा असतो. म्हणून तपासणी आधी, खरेदी नंतर.

पहिलं काम कागद-पेनाचं. मोअरचा मॉडेल नंबर बहुधा सीटखाली सापडतो. इंजिनाचा नंबर वेगळा, तोही लिहून घ्या. पार्ट्स आणि मॅन्युअल त्यावरच मिळतात. मग किल्ली काढा आणि स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला सरकवून ठेवा. पात्यांजवळ हात घालायचा तो त्यानंतरच.

इंजिनावरचं पंख्याचं झाकण उघडून आत पाहा. थंडीत उंदीर तिथे हमखास घरटं करतात. हे इंजिन हवेवर थंड होतं, त्यामुळे वाट बुजली की ते तापून खराब होतं. कुरतडलेल्या वायरीही तिथेच दिसतील.

अमेरिकेत पंपावरच्या बहुतेक पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओलावा धरतं. गेल्या हंगामातलं पेट्रोल टाकीत राहिलं असेल तर सगळं काढा, मोकळ्या हवेत, आणि काउंटीच्या घातक कचरा केंद्रात द्या. फ्युएल फिल्टर बदला. त्यावरचा बाण कार्ब्युरेटरकडे हवा. कार्ब्युरेटरचं खालचं भांडं बहुधा एकाच बोल्टवर असतं, आणि बऱ्याच इंजिनांत त्या बोल्टच्या जागी वायर जोडलेला सोलेनॉइड, म्हणजे पेट्रोल चालू-बंद करणारी विजेवरची झडप, असतो. किल्ली फिरवल्यावर तो ‘टिक’ वाजला पाहिजे. जेटचं, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक नळीचं, भोक क्लीनर आणि बारीक तांब्याच्या तारेने मोकळं करा. ड्रिल लावू नका, भोक मोठं झालं की जेट वाया गेला.

पूर्ण चार्ज झालेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. टर्मिनलवरची पांढरी बुरशी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि निगेटिव्ह वायर चासीला जिथे बसते तो बोल्ट घासून घट्ट करा.

आता सगळ्यात फसवं दुखणं. बॅटरी भरलेली आहे, तरी इंजिन अर्धा फेरा फिरून अडतं. लोक नवी बॅटरी घेतात, मग नवा स्टार्टर घेतात, आणि अडणं तसंच राहतं. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या एका सिलिंडरच्या ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिनांत हे फार दिसतं. चालू होताना दाब कमी व्हावा म्हणून कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) एक व्हॉल्व्ह किंचित उचलून धरतो. झिजेने व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या दांडीमधली फट वाढली की ती उचल फटीतच विरते आणि स्टार्टरला पूर्ण दाबाशी झुंजावं लागतं. इंजिन थंड असताना फीलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) फट मोजून बरोबर करायची. ती इंचाच्या हजारांशात असते, म्हणून आकडा मॅन्युअलमधलाच घ्या.

तेल, एअर फिल्टर, प्लग एकदमच बदलून टाका.

चारही टायरची हवा मॅन्युअलप्रमाणे भरा आणि डेकची, म्हणजे पाती ज्याखाली फिरतात त्या झाकणाची, पातळी त्यानंतरच बघा. पुढची कड मागच्यापेक्षा जराशी खाली हवी. डेक उतरवायच्या आधी बेल्टच्या वाटेचा फोटो काढा. मशीन उचलायचं तर नुसत्या जॅकवर नको, स्टँड लावाच. पाती धार लावून खिळ्यावर टांगा. एक बाजू खाली गेली तर तीच थोडी घासायची. असमतोल पातं स्पिंडलचं (पातं फिरवणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग खातं.

शेवटी सीटखालचा स्विच, चालवणारा उठला की इंजिन बंद करणारा. आधीच्या मालकाने तो निकामी करायला तिथे वायरचा तुकडा जोडून ठेवला असेल तर तो आजच काढा, त्याबाबतीत तडजोड नको. मोकळ्या जागी ब्रेक लावून पाती सुरू करा आणि सीटवरून थोडं उठा: इंजिन तत्क्षणी बंद पडलं पाहिजे. नाही पडलं तर स्विच बदलेपर्यंत लॉनवर जायचं नाही. मुलांना मांडीवर बसवून फेरी कधीच नको. उतारावर वर-खाली चालवा, आडवं नाही. 15 अंशांहून जास्त चढ राइडिंग मोअरसाठी सोडून द्या. पहिल्या कापणीला पातं तीन इंचांवर ठेवा आणि ती झाली की इंजिन निवल्यावर तेलाची पातळी पुन्हा एकदा बघा.