पी.जिओ.चा अर्ज कसा करायचा, आणि अनुभवाच्या पानावर ‘आम्ही’ का चालत नाही

कॅनडात जिऑलॉजिस्ट म्हणून रिपोर्टवर सही करायची तर पी.जिओ. लागतं, म्हणजे प्रोफेशनल जिओसायंटिस्टचं लायसन्स. माझं काढून बरीच वर्षं झाली आणि तेव्हापासून सातारा, कराड, तासगाव, मिरजेकडच्या पोरापोरींच्या बऱ्याच फायली हाताखालून गेल्यात, सुट्टीला साताऱ्यात आलो की कोणीतरी लॅपटॉप घेऊन घरी येतंच. आणि प्रत्येकजण तेच ऐकून आलेला असतो, की एमएस्सी असली की बास, बाकी फॉर्म एजंट भरतो. असं नाहीये. एजंट व्हिसाचं बघेल, हा अर्ज तुमचा तुम्हालाच लिहावा लागतो, आणि तो कुठं अडतो ते मला माहितीय कारण मी स्वतः तिथंच अडलो होतो.

आधी प्रांत ठरवा. पूर्ण देशाचं असं एक लायसन्स तिकडं नाही, प्रत्येक प्रांताची कायद्याने नेमलेली वेगळी संस्था आहे. ओंटारिओत जिओसायंटिस्टांची स्वतंत्र आहे, अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबियात इंजिनियर आणि जिओसायंटिस्ट एकाच संस्थेत, क्यूबेकला फ्रेंच यायला पाहिजे. जिथं काम करणार तिथंच अर्ज करा. ‘कुठं सोपं पडतं’ हे शोधण्यात महिने घालवू नका, एका प्रांतात मिळालं की दुसऱ्यात घेणं त्यामानाने सोपं जातं.

मग कागद. ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा, विद्यापीठातून थेट तिकडं जायला हवी, तुमच्या हातून गेलेली धरत नाहीत. सिलॅबस लागला तर तो तुम्ही शिकलात त्या वर्षाचा द्यायचा, आत्ता वेबसाइटवर दिसतो तो नाही. शिवाजी विद्यापीठाचा जुना सिलॅबस कॉलेजच्या विभागातल्या कपाटात बहुतेक सापडतो, जाऊन मागा आणि शिक्का मारून घ्या. तपासणारे चार विषय हमखास शोधतात, फील्ड टेक्निक्स, मिनरॉलॉजी-पेट्रॉलॉजी, सेडिमेंटेशन-स्ट्रॅटिग्राफी आणि स्ट्रक्चरल जिऑलॉजी, शिवाय पाया म्हणून फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. बीएस्सीला मॅथ्स सोडलेल्यांनी हे आजच बघा कारण कमी पडलेला विषय नंतर भरून काढावा लागतो. फील्ड टूरचा वेगळा पेपर नसेल तर किती दिवस, कुठं, कसलं मॅपिंग केलं हे विभागप्रमुखांकडून लिहून घ्या.

आता अनुभव. साधारण चार वर्षांचा लागतो आणि तो प्रोजेक्टवार लिहून द्यायचा असतो. इथंच फायली परत येतात.

माझी आली होती. अर्जदाराची स्वतःची भूमिका काय ते कळत नाही, एवढाच शेरा. मला भयंकर राग आला, चार वर्षं खटाव-माणच्या उन्हात केबल ओढल्या, जत-आटपाडीला बोअरच्या गाडीशेजारी रात्री काढल्या आणि म्हणे भूमिका कळत नाही. आठवडाभर तो अर्ज उघडलाच नाही. मग एका रात्री प्रिंट काढून लाल पेन घेऊन बसलो आणि जिथं जिथं ‘वुई’ दिसलं तिथं गोल केला. अकरा पानं लाल झाली, आणि ‘आय’ एकदाही नव्हता.

हे आपल्याला घरातनंच लागलेलं असतं. आमच्या आजोबांनी निम्मी विहीर एकट्याने खणली होती पण कोणी विचारलं तर ‘आम्ही काढली’ असंच सांगायचे. मी-मी करणारा माणूस आपल्याकडं चांगला दिसत नाही, आणि ते मला आजही पटतं. पण हे लायसन्स टीमला मिळत नाही, एका माणसाला मिळतं, आणि अर्ज वाचणाऱ्याला एवढंच ठरवायचं असतं की उद्या या माणसाने एकट्याने सही केली तर त्या सहीवर विसंबायचं का. त्यामागं कारण आहे. १९९७ मध्ये ब्रे-एक्स नावाच्या कॅलगरीच्या कंपनीचं प्रकरण फुटलं, इंडोनेशियातल्या बुसांगला प्रचंड सोनं सापडलंय म्हणून शेअर आभाळाला भिडले होते आणि निघालं काय तर नमुन्यांमध्ये बाहेरून सोनं मिसळलेलं. त्यानंतर २००१ पासून एनआय ४३-१०१ हा नियम लागू झाला, म्हणजे खनिज प्रकल्पाचा टेक्निकल रिपोर्ट क्वालिफाइड पर्सनच्या, म्हणजे अशा संस्थेत नोंदणी असलेल्या अनुभवी तज्ज्ञाच्या, जबाबदारीवरच निघतो. म्हणून ते विचारतात, नमुना तू स्वतः घेतलास का, तपासलास कसा, शंका आली तेव्हा काय केलंस. भारतात डॉक्टरांना, वकिलांना नोंदणी लागते तशी जिऑलॉजिस्टला परवाना देणारी कौन्सिल नाही, त्यामुळे हे प्रश्न आपल्याला नोकरीत कधी कोणी विचारलेलेच नसतात.

माझ्या पहिल्या अर्जातलं एक वाक्य सांगतो. ‘आम्ही माण तालुक्यात भूजल सर्वेक्षण केलं, १८ ठिकाणी रेझिस्टिव्हिटी साउंडिंग घेतली आणि रिपोर्ट सादर केला.’ (साउंडिंग म्हणजे जमिनीत वीज सोडून कुठल्या खोलीवरचा थर तिला किती अडवतो ते मोजणं.) यात खोटं काहीच नाही, पण यात मी कुठं आहे? हेच काम दुसऱ्यांदा लिहिलं ते असं. मालकाला बोअर घराजवळ हवी होती. तिथल्या साउंडिंगमध्ये साधारण २५ मीटरवर रेझिस्टिव्हिटी एकदम उतरली आणि सोबतचा म्हणाला पाणी आहे, पॉइंट देऊन टाक. मला शंका आली कारण बेसाल्टच्या दोन थरांमध्ये तांबड्या बोलचा, म्हणजे लाल मातकट थराचा, पट्टा असला तरी रेझिस्टिव्हिटी तशीच उतरते, त्यात माती असते, पाणी नाही. म्हणून मी शेजारच्या विहिरीत दोर धरून उतरलो. वर मुरूम, त्याखाली मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण आणि त्याच्या खाली हातभर जाडीचा विटेसारखा लाल थर, बोट लावलं की भुगा होणारा. उंचीचा हिशोब केला तर साउंडिंगमधली खोली तिथंच येत होती. मग मी ओढ्यात उघड्या पडलेल्या डाइकच्या, म्हणजे खडकात उभ्या घुसलेल्या भिंतीसारख्या खडकाच्या, वरच्या अंगाला, जिथं पाणी अडून राहण्याची शक्यता होती, दोन नवीन साउंडिंग घेतली, बोअरची जागा तिकडं हलवली आणि ती का हलवली ते मालकाला लेखी दिलं.

काम तेच, पण आता वाचणाऱ्याला शंका दिसते, ती तपासायला मी काय केलं ते दिसतं, आणि निर्णय कोणाचा ते दिसतं. प्रत्येक मोठ्या प्रोजेक्टला हे तीन पाहिजेत. यंत्राचं नाव आणि किती मीटर ड्रिलिंग झालं याच्या याद्या कोणी वाचत नाही.

हे असं लिहायला जमत नसेल तर माझा एकच उपाय आहे आणि तो मी सगळ्यांना सांगतो. लिहू नका, आधी बोला. फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि त्या दिवशी साइटवर काय झालं ते आईला किंवा भावाला मराठीत सांगा. घरात सांगताना आपण आपोआप ‘मी’ म्हणतो, ‘मग मी त्याला म्हटलं थांब जरा’ असं येतं. तेच ऐकून उतरवा, मग इंग्रजी करा. कराडची एक पोरगी आली होती, तिच्या अर्जात ‘दरडप्रवण गावांचा सर्व्हे केला’ एवढीच एक ओळ. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळून माणसं गेली, त्यानंतरचं काम होतं तिचं. तिला म्हटलं, मला सांग तू काय बघितलंस. तर एका वस्तीच्या वरच्या अंगाला तिला भेगा दिसल्या होत्या, जुना झरा बंद होऊन खाली दुसरीकडं फुटला होता, आणि वरिष्ठ मध्यम धोका लिही म्हणत असताना तिने फोटो समोर ठेवून ती वस्ती जास्त धोक्यात टाकायला लावली होती. हे सगळं तिने अर्जातून गाळलं होतं, का, तर स्वतःची बढाई वाटते म्हणून! असलं गाळू नका. तुमच्या अख्ख्या चार वर्षांतलं तेच सगळ्यात महत्त्वाचं काम असू शकतं.

उलट बाजूही सांगतो. जे केलं नाही ते ‘मी’ लावून लिहायचं नाही. साहेबांनी ठरवलं आणि तुम्ही मोजमाप घेतलं तर तसंच लिहा. मित्राची पास झालेली फाइल समोर ठेवून नावं बदलायची, किंवा एआयकडून गुळगुळीत परिच्छेद लिहून घ्यायचे, हे तर अजिबात नको. रेफरींना, म्हणजे तुमच्या कामाची खात्री द्यायला तुम्ही ज्यांची नावं देता त्यांना, तुमच्या कामाबद्दल विचारलं जातं, आणि त्यांना विहीर आठवत नसेल तर तुमचं सगळंच संशयात जातं.

म्हणून रेफरींकडं स्वतः जा. मेल टाकून गप्प बसू नका, जुने साहेब रिटायर होऊन सांगलीला राहत असतील तर घरी जा, चहा घ्या आणि म्हणा, ‘सर, आपलं ते जतचं काम आठवतंय का, मी असं लिहिलंय, चुकत असेल तर सांगा.’ माझ्या सरांनी माझ्या दोन तारखा तिथल्या तिथं दुरुस्त केल्या होत्या. त्यांना फॉर्म त्यांच्या ईमेलवर थेट येईल हेही सांगून ठेवा, नाहीतर तो स्पॅममध्ये पडून राहतो. ओळखीचा नेता किंवा कॉलेजचा प्राचार्य रेफरी म्हणून उपयोगाचा नाही, ज्याने तुमचं काम जवळनं बघितलंय आणि ज्याला ते समजतं तोच पाहिजे.

एक परीक्षाही द्यावी लागते. ती सोपी आहे, फक्त हलक्यात घेऊ नका. बहुतेक प्रांतांत एनपीपीई नावाची असते, ११० पर्यायी प्रश्न, अडीच तास, आणि विषय कायदा, करार, निष्काळजीपणाची जबाबदारी, व्यावसायिक नीती. खडकांचा अभ्यास इथं कामाला येत नाही, कायद्याचा भाग दोनदा वाचा.

चार वर्षं भरली नसतील तर जिओसायंटिस्ट-इन-ट्रेनिंग म्हणून नाव नोंदवा आणि आजपासून रोज रात्री वहीत दोन ओळी लिहा, आज कशाची शंका आली आणि मी काय केलं. आणि मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत नावापुढं पी.जिओ. लावू नका, व्हिजिटिंग कार्डावर नाही आणि लिंक्डइनवरही नाही, ते बिरुद तिकडं कायद्याने राखीव आहे.