कंदफुलं घरच्या बागेत: लावणी, साठवण आणि पावसाळ्यातली राखण

कंदाच्या फुलांबद्दल इंटरनेटवर वाचायला घेतलं की पहिली सूचना हमखास भेटते: हिम पडण्याआधी कंद उकरून आत घ्या. पुण्यात, नाशकात, पणजीत हिम कुठलं पडायला! आपल्याकडे कंद मरतात ते पाण्याने, आणि बहुतेक वेळा झोपलेल्या कंदाला घातलेल्या पाण्याने. वर्षातला काही काळ कंदाचा विश्रांतीचा असतो. पानं पिवळी पडून गळतात, मुळं काम थांबवतात. त्या दिवसांत माती ओली राहिली की कंद बुडापासून सडायला लागतो आणि आपल्याला पत्ता लागतो तो दोन महिन्यांनी. म्हणून कुंडी, माती, खत या सगळ्याआधी आपला कंद झोपतो कधी आणि उठतो कधी, ते ठरवून घ्या.

कोणता कंद कधी लावायचा

निशिगंध, म्हणजे बाजारातली गुलछडी, मार्च ते मे महिन्यांत लावतात. तीन-साडेतीन महिन्यांत दांडे येतात आणि थंडीत वाढ मंदावते. ग्लॅडिओलस उलट्या वेळापत्रकाचा. त्याला पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर लावायचं, थंडीत फुलं घ्यायची आणि उन्हाळा-पावसाळा त्याला कोरड्यात झोपू द्यायचं. अमेरिलिस जानेवारी-फेब्रुवारीत लावली की मार्च-एप्रिलमध्ये तुतारीसारखी फुलं दिसतात. फुटबॉल लिली फेब्रुवारी-मार्चमध्ये लावा. तिचा लाल चेंडू मे-जूनमध्ये, वळवाच्या सरींच्या आसपास, पानांच्या आधी किंवा पानांबरोबर जमिनीतून वर येतो. रेन लिलीला मुहूर्त लागत नाही. पहिल्यांदाच कंद लावणाऱ्याने तिच्यापासूनच सुरुवात करावी.

ट्युलिपचं विचाराल तर मैदानी महाराष्ट्रात त्याच्या नादी लागू नका. त्याच्या कंदाला फुलण्याआधी 12 ते 16 आठवडे 9 अंशांखालचा गारवा लागतो. श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी 2007 साली सुरू झालेली ट्युलिप बाग तिथल्या हिवाळ्याच्या जिवावर फुलते. फ्रिजमध्ये कंद ठेवून इथेही एखादं फूल काढता येतं, पण तो कंद दुसऱ्या वर्षी उभा राहत नाही. ऑनलाइन विकला जाणारा निळाशार अमेरिलिस तर फोटोतच निळा असतो. तो पैसा निशिगंधावर घाला.

कंद निवडताना

कंद हातात घ्या. आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. मग उलटा करून बुडावर, म्हणजे जिथून मुळं फुटतात त्या चकतीवर, अंगठा दाबा. टणक असेल तर घ्या. अंगठा जरासा जरी आत गेला किंवा आंबूस वास आला, तर फुकट मिळाला तरी नको. वरची सालपटं सुटलेली असली तरी चालतात, पण सालीखाली निळसर-हिरवी बुरशी धरलेला ग्लॅडिओलस घेऊ नका.

निशिगंधात एक गोम आहे. त्याचा एक कंद आयुष्यात एकदाच फुलतो. नंतर फुलतात ती त्याच्या भोवतीची पिल्लं. नर्सरीत अनेक कंदांचा मिळून गड्डा मिळाला आणि मधल्या कंदावर वाळक्या दांड्याचा खुंट दिसला, तर तो कंद संपलेला समजा आणि बाजूचे वेगळे करा. त्यांतले दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचे, टोकदार, भरीव कंद त्याच वर्षी फुलतात. बोटाएवढी बारीक पिल्लं वर्षभर नुसती पात काढतात. ती टाकू नका, वेगळ्या कुंडीत पोसा.

सिंगल, म्हणजे एकेरी पाकळ्यांचा निशिगंध घ्यायचा, की भरगच्च पाकळ्यांचा डबल? घरासाठी माझं मत सिंगलच्या बाजूने. हार-वेण्यांत तोच असतो, वास त्याचाच दरवळतो. डबलचा दांडा फुलदाणीत शोभतो, पण त्याच्या कळ्या बऱ्याचदा अर्धवट उघडून थांबतात. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा ‘प्रज्वल’ हा सिंगलमधला खात्रीचा वाण आहे. मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींपुढेही तो बऱ्यापैकी तग धरतो.

माती

कंदाला माती सुपीक नसली तर चालेल, चिकट नको. चार भाग बागेची माती, तीन भाग जाड वाळू किंवा बांधकामाची धुतलेली कच आणि तीन भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत, असं मिश्रण घ्या. दहा-बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड घाला. काळ्या मातीत पाणी धरून राहतं, तिथे वाळू थोडी वाढवा. जमिनीत लावणार असाल तर वीतभर उंच गादीवाफा करा. कोकणातल्या जांभ्या मातीतून पाणी लवकर निचरतं, तिथे खत जास्त लागतं. फक्त कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, कंद लावू नका, ते फार काळ ओलं राहतं. ताजं शेण तर अजिबात नको. त्यातून हुमणीच्या अळ्या येतात आणि त्या मुळं आणि कंद कुरतडतात.

लावणी

निशिगंध 5 ते 6 सेंटिमीटर खोल, ग्लॅडिओलस 6 ते 8, रेन लिली 3 ते 5. टोक वर, चकती खाली. भारी माती असेल तर सगळेच जरा उथळ लावा. अमेरिलिस आणि फुटबॉल लिलीला मात्र हा हिशोब लागू नाही. अमेरिलिसची मान, म्हणजे कंदाचा वरचा निमुळता भाग, आणि कंदाचा वरचा एक तृतीयांश भाग मातीबाहेर उघडा ठेवायचा, फुटबॉल लिलीची मान मातीच्या पातळीत. पुरलेल्या मानेत पाणी साचतं आणि कंद वरून कुजतो. अमेरिलिसला कुंडीही ऐसपैस नको. कंद आणि कडा यांच्यात दोन बोटं जागा पुरे.

लावण्याआधी कंद बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून घ्यावेत. कॅप्टन किंवा कार्बेन्डाझिम, लिटरला 2 ग्रॅम, पंधरा-वीस मिनिटं, हातमोजे घालून, आणि त्यासाठीची बादली कायमची वेगळी. मग सावलीत सुकवून लावा. रसायन नको असेल तर शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून ते मातीत घाला. दोन्ही एकत्र करू नका. ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच आहे, कार्बेन्डाझिमने तीही मरते.

लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्या आणि मग कोंब दिसेपर्यंत हात आवरा. सगळ्यात जास्त कंद या दोन-तीन आठवड्यांत मरतात, कारण वर काही दिसत नाही म्हणून माणूस रोज पाणी घालत राहतो. बोट दोन पेरं खाली घालून बघा. आत ओल लागली तर झारी परत ठेवा. पानं वाढायला लागली की पाणी नियमित. ऊन निदान चार-पाच तास हवं. फक्त फुटबॉल लिली झाडाखालच्या विरळ सावलीत खूश असते.

फुलं संपल्यावर

फुलं संपली की विस्कटलेली पात बघवत नाही म्हणून लोक ती कापून टाकतात. कापू नका. पुढच्या वर्षीचं फूल हीच पानं कंदात भरत असतात. दांडा काढा, पानं आपणहून पिवळी पडेपर्यंत राहू द्या. ग्लॅडिओलसचा दांडा फुलदाणीसाठी कापतानासुद्धा खाली निदान चार पानं ठेवा.

ग्लॅडिओलस फुलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पात पिवळी पडते. तेव्हा पाणी तोडा, माती कोरडी होऊ द्या आणि खुरपं लांबून घालून गड्डे, म्हणजे ग्लॅडिओलसचे कंद, उचला. जखम झालेला गड्डा टिकत नाही. धुऊ नका, माती झटकून टाका. पंख्याखाली किंवा हवेशीर सावलीत दोन आठवडे पसरा. मग नव्या गड्ड्याच्या बुडाला जुना, सुरकुतलेला गड्डा चिकटलेला दिसेल. तो पिळून ओढला की टचकन सुटतो. जोर लावावा लागला तर अजून चार दिवस वाळू द्या. भोवतीचे वाटाण्याएवढे बाळकंदही ठेवा, दोन हंगामांनी ते फुलतात.

निशिगंध दोन-तीन वर्षं जागेवर राहू द्यावा. दांडे लहान पडू लागले की हिवाळ्यात गड्डा उकरा, मोठी पिल्लं निवडा, दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा आणि मार्चमध्ये लावा. अमेरिलिस उकरायची गरज नाही. डिसेंबर-जानेवारीत तिचं पाणी बंद करा आणि फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा सुरू करा. फुटबॉल लिलीची पानं थंडीत पार नाहीशी होतात आणि कुंडी रिकामी दिसते. घरातलं कुणीतरी तिच्यात कोथिंबीर पेरण्याआधी तिच्यावर नावाची पट्टी लावा. नाव पेन्सिलीने लिहा, शाई उन्हात उडते.

साठवण

कंदांची साठवण म्हणजे छोटी कांदाचाळ: हवा खेळती, थर पातळ, ऊन आणि ओल लांब. कांद्याच्या जाळीच्या पिशव्या, बांबूची टोपली, वर्तमानपत्राच्या पुड्या यांतलं काहीही चालेल. बंद प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतो आणि आठवड्यात बुरशी दिसते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पुड्यांत कोरडं भाताचं तूस घाला.

ग्लॅडिओलसला विश्रांतीत दोन-तीन महिने 4 ते 7 अंश गारवा मिळाला तर तो एकसारखा उगवतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात तर खोलीत ठेवलेले गड्डे वाळून हलके होतात. तेव्हा कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. सफरचंदं, आंबे, केळी त्या कप्प्यात नकोत, पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतला कोंब बिघडतो. महिन्यातून एकदा पिशवी उघडून चाचपा, वास घ्या, मऊ पडलेला कंद काढून टाका.

लंडन किंवा न्यू जर्सीत कुंडीत निशिगंध लावणाऱ्या मंडळींना मात्र ती हिमाची सूचना लागू आहे. पहिल्या हिमाच्या आधी कंद काढून कोरड्यात, गोठणार नाहीत अशा जागी ठेवावेत.

पावसाळा

जून उजाडण्याआधी सगळ्या कुंड्या विटांवर उचला, खालच्या ताटल्या काढा, बुडाचं भोक सळीने मोकळं करा. अमेरिलिस वळचणीच्या आत घ्या. पान हलकंसं ओढल्यावर मानेतूनच निघून आलं तर आत कूज आहे. कंद उकरा, सडका भाग निरोगी पांढऱ्या गाभ्यापर्यंत कापा, बुरशीनाशक लावा, आठवडाभर वाळवून कोरड्या वाळूत बसवा. बुडाची चकती शाबूत असेल तर वाचण्याची आशा असते.

याच दिवसांत लिलीवर काळ्या अळ्या पडतात. अंगावर पांढरे आणि लालसर ठिपके, संख्येने भरपूर. एका रात्रीत त्या पात चाटूनपुसून खातात, नंतर मानेतून कंदात उतरतात. पानाखाली अंड्यांचा पुंजका दिसला की तेवढा तुकडा कापून टाका. अळ्या चिमट्याने वेचून साबणाच्या पाण्यात सोडा. सकाळ-संध्याकाळ बघितलं तर फवारणीची वेळ येत नाही. गोगलगायी कोवळे कोंब खातात, त्याही रात्री बॅटरी घेऊन वेचाव्या लागतात. ग्लॅडिओलसच्या पानांवर रुपेरी ओरखडे दिसले तर ते फुलकिडे. निंबोळी अर्क 5 टक्के फवारा.

घुशी आणि उंदीर अंगणातले कंद उकरत असतील तर वाफ्यात वीतभर खाली आणि कडेने बारीक तारेची जाळी पुरा. साठवणीच्या टोपलीवरही जाळी हवी.

यातले बरेच कंद विषारी आहेत. अमेरिलिस, फुटबॉल लिली, रेन लिली पोटात गेल्यास उलट्या-जुलाब होतात. कुंपणावरची कळलावी तर जिवावर बेतू शकते. कुत्र्यांना माती उकरायची सवय असेल तर या कुंड्या उंचावर ठेवा. फ्रिजमधल्या पिशवीवर ठळक ‘फुलांचे कंद, खायचे नाहीत’ लिहा, आणि अमेरिलिसचा कंद चुकूनही स्वयंपाकघरातल्या कांद्या-बटाट्यांच्या टोपलीजवळ ठेवू नका.