बिल ऑफ एंट्री (कस्टम्सला द्यायचं आयात घोषणापत्र) भरण्याआधी: चाकण-भोसरीच्या लघुउद्योजकांसाठी

परदेशी मशिनरी कस्टम्समध्ये अडकते ती बहुतेक वेळा कागदांच्या विसंगतीमुळे. म्हणून माल निघण्याआधीच पुरवठादाराकडून इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्टचा मसुदा मागवा. पॅकिंग लिस्टवर एकूण वजन १,२४० किलो आणि बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीची मालाची पावती) १,४२० असेल, तर दुरुस्तीसाठी शिपिंग लाइनच्या मागे धावावं लागतं आणि तोवर डिटेन्शन (कंटेनर अडकून राहिल्याचं शुल्क) चढत राहतं. इनव्हॉइसवर मॉडेल नंबर, इन्कोटर्म (भाडं, विमा, जोखीम कोणाची हे ठरवणारी अट, उदा. एफओबी) आणि चलन हवंच. नुसतं ‘मशीन पार्ट्स’ चालत नाही. लाकडी खोक्यांवर आयएसपीएम-१५ चा (लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा) शिक्का आहे ना, याचा फोटोच मागवा.

आयईसीची (आयात-निर्यात कोड) माहिती दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालय) पोर्टलवर अद्ययावत करावी लागते, बदल नसला तरी. ती राहिली तर आयईसी निष्क्रिय होतो आणि सगळंच थांबतं.

आता ड्युटीचा हिशेब. समजा एफओबी किंमत (माल जहाजावर चढेपर्यंतची, भाडं-विमा सोडून) १०,००,००० रुपये, भाडं ६०,००० आणि विम्याचा आकडा माहीत नाही. मग विमा एफओबीच्या १.१२५ टक्के धरतात, म्हणजे ११,२५०. मूल्य झालं १०,७१,२५०. बेसिक ड्युटी ७.५ टक्के असेल तर ८०,३४४, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार ८,०३४, आणि या सगळ्याच्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) २,०८,७३३. भाड्याची पावती नसेल तर भाडं एफओबीच्या २० टक्के, म्हणजे थेट २,००,००० धरलं जातं. पावती जपा.

न्हावा-शेवाला माल उतरणार असेल तर, शेजारचे मोजके देश सोडल्यास, जहाज पोचण्याच्या आदल्या दिवसाअखेर बिल ऑफ एंट्री दाखल हवं. तळेगावच्या आयसीडीला (बंदरापासून दूरचा कंटेनर डेपो) माल पोचण्याच्या दिवसाअखेरपर्यंत मुभा असते. उशिराला पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये. ३० दिवस आधीही भरता येतं, मग शेवटच्या दिवसाची वाट का पाहायची?

सीएचए (तुमचा कस्टम्स एजंट) बिल ऑफ एंट्री दाखल करण्यापूर्वी तिची चेकलिस्ट पाठवतो. ती नुसती ‘ओके’ करू नका. आठ अंकी एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक), जीएसटीआयएन, वजन, इन्कोटर्म एकेक करून इनव्हॉइसशी ताडा. चुकीच्या वर्गीकरणाची ड्युटी आणि व्याज तुमच्याच नावावर निघतं. मुक्त व्यापार कराराची सवलत घेत असाल तर उत्पत्ती प्रमाणपत्रासोबत कॅरोटारच्या (माल कुठल्या देशातला हे सिद्ध करण्याचे कस्टम्सचे नियम) फॉर्म-१ मधली माहितीही हाताशी ठेवा.

आउट ऑफ चार्ज (माल सोडण्याचा कस्टम्सचा आदेश) मिळाल्यावर, भरलेला आयजीएसटी जीएसटीआर-२बी मध्ये (जीएसटी पोर्टलवरचं इनपुट क्रेडिटचं विवरण) आला का, तेही बघा. कागद किमान पाच वर्षं सांभाळा.