बाससाठी टॉपवॉटर फ्रॉग: कुठे हलवायचा, कुठे थांबवायचा

बास मासा पकडायला पाण्यावर तरंगणारं, बेडकाच्या आकाराचं जे रबरी नकली आमिष (लूर) वापरतात तो टॉपवॉटर फ्रॉग. नवीन फ्रॉग घेतला की बरेच जण तो लांब फेकतात आणि सरळ गुंडाळत आणतात, तो पण बापडा पाण्यावरून नुसता घसरत येतो, बास ढुंकूनही बघत नाही आणि मग फ्रॉग बॉक्सच्या तळाशी जातो. क्रँकबेट नावाच्या लूरला पुढे पट्टी असते, स्पिनरबेट नावाच्या लूरला फिरणारं पातं असतं, त्यामुळे ते नुसते गुंडाळले तरी आपलं काम करत राहतात. पोकळ रबरी अंगाच्या फ्रॉगला यातलं काहीच नाही. त्याची सगळी हालचाल तुमच्या मनगटातून आणि लाइनमधल्या ढिलाईतून येते, आणि ती किती द्यायची हे समोर उघडं पाणी आहे, कमळाची पानं आहेत की पाणवनस्पतींचा जाड थर, यावर ठरतं.

आधी सामानाचं पटकन सांगतो. रॉड ७ ते ७.५ फूट, हेवी पॉवर (म्हणजे ताठ), टोक फास्ट (म्हणजे फक्त टोकाकडे वाकणारं). लाइन ब्रेडच (विणलेली दोरी), ५० ते ६५ पाउंड ताकदीची, कारण ब्रेड ताणत नाही, पाण्यावर तरंगते आणि वनस्पतीच्या देठांतून कापत जाते. मोनो (एकाच नायलॉन धाग्याची लाइन) ताणते, त्यामुळे लांबवर मासा लागला तर हूक नीट बसत नाही. फ्लुरोकार्बनची लाइन बुडते आणि फ्रॉगचं नाक खाली ओढते, त्यामुळे ती नकोच. रील ७:१ गिअर रेशोचं (हँडलच्या एका फेरीत स्पूल सात वेळा फिरतो) किंवा त्याहून फास्ट असलेलं बरं, का ते हूकसेटच्या, म्हणजे हूक माशाच्या तोंडात रुतवण्याच्या वेळी कळेल. पाणी साधारण १५-१६ अंश सेल्सियसच्या वर गेलं की फ्रॉग चालायला लागतो, आणि अंडी घालून झाल्यावरचे गरम महिने त्याचा खरा सीझन.

आता उघडं पाणी. म्हणजे गवताची कड, पाण्यावर झुकलेली झाडं, जेटीखालची सावली. इथे फ्रॉग डावीकडे-उजवीकडे झोकांड्या खात आला पाहिजे, याला वॉकिंग द डॉग म्हणतात. रॉडचं टोक खाली, पाण्याच्या दिशेने. फ्रॉग पडला की लाइन थोडी ढिली ठेवायची आणि मनगटाने छोटा टिचका द्यायचा, आणि टिचका दिल्यादिल्या टोक परत फ्रॉगकडे सोडायचं म्हणजे लाइनला पुन्हा ढील मिळेल. सगळी गंमत या सोडण्यात आहे. लाइन ताठ राहिली तर फ्रॉगला वळायला जागाच मिळत नाही, तो सरळ तुमच्याकडे उडी मारतो. टिचका, ढील, टिचका, ढील, आणि रीलने फक्त जास्तीची लाइन गोळा करत राहायची. लूर ओढण्याचं काम रीलकडे द्यायचंच नाही. लय जमली की फ्रॉग हातभर जागेत चार-पाच वेळा तोंड फिरवतो, आणि झाडाखालच्या सावलीत तेच हवं असतं, कारण तिथून तो जितका उशिरा बाहेर येईल तितकं चांगलं.

उघड्या पाण्यात फार लांब पॉज मात्र मी घेत नाही. तिथे बासला लूर नीट दिसतो, थांबला की तो जवळ येऊन निरखतो आणि तोंड फिरवून जातो. चालता ठेवायचा, मधेच एखादा क्षण थांबवायचा, परत चालता. वारा असेल, पाण्यावर तरंग असतील तर खोलगट तोंडाचा पॉपिंग फ्रॉग घ्या, तो 'चळप' आवाज काढतो आणि पाणी पुढे फेकतो. शांत पाण्यात टोकदार नाकाचा बरा.

कमळाच्या पानांत खेळ वेगळा. इथे फ्रॉग पानावर चढवायचा, कडेपर्यंत हळू आणायचा आणि कडेवर थांबवायचा. जागच्या जागी रॉडचं टोक थरथरवलं की पान हलतं, पानाखाली बारीक वलयं उठतात, आणि खाली बास असेल तर त्याला कळतं की वर काहीतरी आहे. मग अलगद पाण्यात घसरू द्यायचा. बऱ्याचदा स्ट्राइक (माशाची झडप) इथेच येतो, घसरल्या घसरल्या. दोन पानांमधल्या मोकळ्या फटीत दोन टिचके, थोडा पॉज, मग पुढचं पान. कास्ट करताना (फ्रॉग फेकताना) जी जागा मनात आहे तिच्या पलीकडे टाका आणि तिथपर्यंत आणा, थेट डोक्यावर धप्पकन पाडू नका.

मॅट म्हणजे पाण्याच्या वर दाटून आलेला हिरवा थर, आणि फ्रॉग खरा याच्यासाठीच आहे. त्याचे दोन्ही हूक वरच्या बाजूला अंगाला चिकटून असतात त्यामुळे तो अडकत नाही, बाकी कुठलाही उघड्या हूकचा लूर इथे दोन फुटांत पालापाचोळा घेऊन येईल. भर दुपारी कडक ऊन असताना लोक घरी जातात, पण तेव्हाच बास सावलीसाठी मॅटच्या खाली घुसलेला असतो, त्यामुळे माझ्या मते मॅटची खरी वेळ तीच. आधी कान द्या. आतून चुटुक-चुटुक आवाज येत असेल तर छोटे मासे थराखालून किडे टिपतायत, आणि जिथे ते असतात तिथे बास पण असण्याची शक्यता चांगली. पूर्ण शांत मॅटवर मी जास्त वेळ घालवत नाही.

मॅटवर वॉकिंग होत नाही, थर फ्रॉगला वळूच देत नाही. इथे अर्धा-एक फूट ओढायचं, थांबायचं, जागेवर थरथरवायचं, परत ओढायचं. खालून बासला फ्रॉग दिसत नाही, दिसते फार तर सावली आणि थराचं दबणं. म्हणून हळू. थरात भोक दिसलं की तिथे फ्रॉग आणून सोडा आणि हात आवरा, दोन-तीन सेकंद काहीच करू नका, मग एक बारीक टिचका. थर फार जाड असेल तर फ्रॉगच्या पोटात एक-दोन शिशाचे छोटे मणी घालतात, वजनाने तो थर जास्त दाबतो आणि लांब पण जातो. फ्रॉगच्या मागे थर फुगून वर येताना दिसला तर समजायचं की मासा मागावर आहे, आणि तेव्हा वेग वाढवायचा मोह आवरा, आहे तीच लय ठेवा.

रंगावर फार डोकं खपवू नका. मॅटवर आणि कमी उजेडात काळा, उघड्या पाण्यात पांढरा, एवढ्यावर बरंच भागतं.

भरीव रबराचा, पाय फडफडवणारा टोड हा वेगळा प्रकार. तो थांबला की बुडतो, त्यामुळे त्याला मात्र सरळ एका वेगाने गुंडाळायचं, पाय पाणी घुसळत येतात. विरळ गवतावरून भरभर जागा धुंडाळायची असेल तर तो चांगला, भोकात थांबवून ठेवायला नाही.

आता हूकसेट, सगळ्यात जास्त मासे इथे सुटतात. पाणी फुटतं, दचकायला होतं आणि हात आपोआप वर जातो, आणि फ्रॉग माशाच्या तोंडातून सुटून तुमच्या चेहऱ्याच्या दिशेने येतो. (चष्मा घाला, मस्करी नाही.) आवाजावर मारायचंच नाही. फ्रॉग दिसेनासा झालाय का बघा, टोक माशाकडे खाली न्या, ढिली लाइन भरभर गोळा करा, वजन लागलं की दोन्ही हातांनी जोरात वर. मोठं गिअर रेशो इथेच कामाला येतं. 'एक, दोन' मोजा असं बरेच जण सांगतात, पण मोजण्यापेक्षा वजन जाणवण्यावर माझा जास्त भरवसा. मासा लागला की श्वास घ्यायला द्यायचा नाही, डोकं वर ठेवून गुंडाळत राहायचं, नाहीतर तो देठांत शिरला की संपलं.

स्ट्राइक चुकला तर फ्रॉग लगेच ओढून घेऊ नका. तिथेच राहू द्या, जरा थांबून हलका टिचका द्या, मॅटमधला बास नीट न दिसल्यामुळे चुकतो आणि पुष्कळदा दुसऱ्यांदा येतो. नाही आला तर दुसऱ्या रॉडवर बिनवजनाचा सॉफ्ट प्लॅस्टिक वर्म तयार ठेवलेला असावा, मॅटला जे भोक पडलंय त्यातच तो सोडायचा.

फ्रॉग वळायला कुरकुर करत असेल तर रबरी पाय सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर कापा, दोन्ही सारखे आणि थोडे थोडे करून, कारण जास्त कापले तर परत जोडता येत नाहीत. हुकांची टोकं पक्कडीने अगदी किंचित बाहेर वाकवली तर मासे जास्त बसतात, पण जास्त वाकवली की फ्रॉग गवतात अडकायला लागतो. आणि दर थोड्या कास्टनंतर पोट दाबून आत शिरलेलं पाणी काढत जा, पाण्याने भरलेला फ्रॉग शेपटीकडून बुडतो आणि मग कितीही टिचके दिले तरी चालत नाही.