हिअरिंग स्क्रीनिंगमध्ये 'रेफर' आलेलं बाळ पुढे पोचतं का? या फील्डमध्ये नवीन येणाऱ्यांसाठी

नवजात बाळांच्या हिअरिंग स्क्रीनिंगच्या कामाला नव्याने लागणारी मुलं-मुली मला बहुतेक वेळा मशीनबद्दलच विचारतात, ओएई (कानाच्या आतून येणारा बारीक आवाज टिपणारी टेस्ट) आधी शिकू की एबीआर (आवाजाला नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी टेस्ट) वगैरे. मशीन जमतं हो हळूहळू. बाळ दूध पिऊन गाढ झोपलेलं हवं, प्रोब नीट बसलेला हवा, जन्मल्यावर पहिल्या दिवशी कानात ओलसर चिकटा असतो म्हणून जरा थांबून केलेली टेस्ट बरी येते, आणि एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) पाच दिवसांपेक्षा जास्त राहिलेल्या बाळाची एबीआरच करायची, कारण ऑडिटरी न्यूरोपथीमध्ये ओएई व्यवस्थित येऊ शकतो पण पुढे नसेतून सिग्नल नीट जात नसतो. हे सगळं सीनियर शिकवतात. पण रेफर आल्यापासून, म्हणजे स्क्रीनिंगमध्ये पास न होऊन पुढच्या टेस्टला पाठवायचं ठरल्यापासून, ते बाळ अर्ली इंटरव्हेन्शनवाल्यांच्या (कमी ऐकू येणाऱ्या बाळाला भाषेसाठी लहानपणापासून मदत करणाऱ्यांच्या) हातात पोचेपर्यंत मध्ये काय काय होतं हे कुणी बसवून शिकवत नाही. मी आधी स्क्रीनिंगला आणि नंतर इंटरव्हेन्शन सेंटरला असं दोन्हीकडे काम केलंय, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

१-३-६ तुम्ही परीक्षेला पाठ केलेलं असणारच, एक महिन्याच्या आत स्क्रीनिंग, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत इंटरव्हेन्शन सुरू. ज्यांना हे जमतंय त्यांनी १-२-३ पर्यंत यावं असं लहान बाळांच्या ऐकण्याविषयी शिफारशी करणाऱ्या अमेरिकेच्या जॉइंट कमिटीने २०१९ मध्ये सांगितलं. यातला सहाचा आकडा उगाच आलेला नाही. क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलोरॅडोमधल्या मुलांवर केलेला अभ्यास १९९८ साली आला, त्यात सहा महिन्यांच्या आत निदान होऊन लगेच मदत सुरू झालेल्या मुलांची भाषा उशिरा कळलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. लक्षात घ्या, निदान होऊन लगेच मदत सुरू झालेली मुलं. नुसतं लवकर कळून मूल घरी बसून राहिलं तर त्या लवकर कळण्याचा बाळाला काय उपयोग?

आणि नेमकं तिथेच गळती होते. हजारात एक ते तीन बाळांना जन्मतः कायमचा श्रवणदोष असतो, म्हणजे रेफर आलेल्यांपैकी बरीच बाळं पुढे नॉर्मल निघतात, आणि याच सवयीने वॉर्डातलं कुणीतरी आईला सहज म्हणून जातं की काही नाही हो, कानात पाणी असेल, काळजी करू नका. हेतू चांगला असतो पण या एका वाक्यावर आई पुढची अपॉइंटमेंट सोडून देते. मी असं सांगायला शिकले, 'आजच्या तपासणीत बाळाच्या कानाकडून हवा तसा प्रतिसाद मिळाला नाही, कारण साधं असू शकतं किंवा नसू शकतं, ते कळायला दुसरी टेस्ट लागते, ती अमुक तारखेला आहे.' आणि तारीख तिथल्या तिथे द्यायची. नंतर फोन करून घ्या असं म्हणायचं नाही. तसंच पास येईपर्यंत परत परत स्क्रीनिंग करत बसायचं नाही, खूपदा केलं तर कधीतरी योगायोगाने पास येऊ शकतो आणि खरा दोष असलेलं बाळ निसटतं.

दुसरी गळती कागदावरची, आणि ही बाहेरून कुणाला दिसतच नाही. स्क्रीनिंगच्या रजिस्टरमध्ये बाळाचं नाव नसतं, आईच्या नावापुढे 'बेबी ऑफ' असं काहीतरी लिहिलेलं असतं. इंटरव्हेन्शन सेंटरला तेच बाळ येतं तेव्हा त्याचं बारसं झालेलं असतं, आडनाव वडिलांचं लागलेलं, मोबाईल नंबर आजीचा. मग स्क्रीनिंगवाल्यांच्या यादीत ते 'फॉलोअपला आलं नाही' म्हणून पडून राहतं आणि सेंटरवाल्यांना त्याचा जुना रिपोर्ट सापडत नाही. यावर उपाय अगदी साधा आहे, जन्मतारीख, आईचं पूर्ण नाव, हॉस्पिटलचा रजिस्ट्रेशन नंबर आणि दोन वेगवेगळ्या लोकांचे फोन नंबर दोन्ही ठिकाणच्या फॉर्मवर हवेतच. आणि माहिती पुढे पाठवायला आईवडिलांची लेखी संमती रेफर येतो तेव्हाच घेऊन ठेवा, नंतर ती घेण्यासाठी त्यांना शोधत फिरावं लागतं.

निदान होतं तो दिवस घरच्यांसाठी फार जड असतो. नव्वद टक्क्यांहून जास्त बहिऱ्या मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात, त्यांनी बहिरेपण जवळून पाहिलेलंच नसतं. त्यांच्या हातात पत्ता लिहिलेली चिठ्ठी देऊन 'इथे जा' म्हटलं तर ते जातीलच असं नाही. मी जिथे हे चांगलं चाललेलं पाहिलं तिथे निदानाच्या अपॉइंटमेंटलाच सेंटरची एक ताई हजर असायची. ऑडिओलॉजिस्टचं (श्रवणतज्ज्ञाचं) सांगून झालं की ती आईशेजारी बसायची, ऑडिओग्रामबद्दल (ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखाबद्दल) एक शब्द न काढता आधी बाळ कसं झोपतं, घरी कोण कोण असतं हे विचारायची, आणि निघताना आपण परत कधी भेटायचं हे ठरवूनच उठायची. ते कुटुंब सेंटरला यायचंच, कारण तिथे एक तरी ओळखीचा चेहरा असायचा. जमेल तिथे अशाच मुलाच्या आईची किंवा एखाद्या बहिऱ्या मोठ्या माणसाची भेट घालून द्या, साइन लँग्वेजबद्दलही पहिल्यापासून मोकळेपणी सांगा, हिअरिंग एड लागलं म्हणजे साइनची गरजच नाही असं परस्पर ठरवून टाकू नका. आणि हिअरिंग एड येईपर्यंत इंटरव्हेन्शन थांबवायचं काहीच कारण नाही.

सेंटरमध्ये लागणाऱ्यांनी उलट्या दिशेचं काम विसरू नका. पाठवलेलं बाळ आलं की नाही हे स्क्रीनिंगवाल्यांना कळवा, एका ओळीचा मेसेज पुरतो. बाळाचा कान भराभर वाढतो, हिअरिंग एडचा कानात बसणारा मोल्ड सैल होऊन शिट्टी वाजायला लागते आणि हे आधी तुम्हालाच दिसतं, ऑडिओलॉजिस्टला नाही. सौम्य दोष स्क्रीनिंगमध्ये पास होऊन जाऊ शकतो, काही मुलांचं ऐकणं नंतर कमी होतं, त्यामुळे 'पास होता ना' म्हणून बोलणं उशिरा येणाऱ्या मुलाची टेस्ट टाळू नका, परत पाठवा. सीएमव्हीचा (सायटोमेगॅलोव्हायरस, आईकडून पोटातल्या बाळाला होऊन ऐकणं कमी करू शकणाऱ्या इन्फेक्शनचा) संशय असेल तर मात्र घाई करावी लागते, जन्मतः झालेलं इन्फेक्शन ओळखायचं तर लघवी किंवा लाळेचा नमुना २१ दिवसांच्या आत लागतो, म्हणजे ही गोष्ट स्क्रीनिंगवाल्यांनीच रेफर आल्याबरोबर डॉक्टरांच्या कानावर घातली पाहिजे.

नोकरी घेताना मशीन कुठल्या कंपनीचं आहे हे नंतर विचारा. आधी विचारा की रेफर बाळांची यादी कुणाकडे असते आणि सेंटरवाले ती यादी घेऊन तुमच्यासोबत शेवटचे कधी बसले होते. उत्तर आलं नाही तरी नोकरी नाकारू नका, ती यादी मागून घ्या, महिन्यातून एकदा दोन्हीकडची माणसं एका टेबलाशी बसवा आणि एकेका बाळाच्या नावापुढे ते आत्ता कुठे आहे हे लिहा, आणि ज्यांच्या नावापुढे काहीच लिहिता येत नाही त्यांच्या घरी त्याच दिवशी फोन लावा.