हातावर वाढवलेलं पोपटाचं पिल्लू खायचं थांबलं तर

पिल्लाने सिरिंज पाहून मान फिरवली की घरातल्यांच्या मनात एकच येतं, काहीही करून याच्या पोटात चार थेंब जाऊ देत. मग एक जण धरतो, दुसरा चोच उघडतो आणि घास आत ढकलला जातो. पिल्लं दगावतात ती यातच. अंग गार पडलेल्या पिल्लाचं पचन थंडावलेलं असतं. ढकललेलं अन्न गळ्याखालच्या पिशवीत पडून राहतं आणि आंबतं, नाहीतर श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरतं. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. आणि या सगळ्याच्या आधी पाच मिनिटांची तपासणी.

इथली मापं कॉकाटील आणि सन कॉन्योर या दोन छोट्या परदेशी पोपटांची आहेत. कॉकाटीलला पक्षीबाजारात सरसकट ‘कॉकटेल’ म्हणतात. बजी आणि लव्हबर्डसाठी पद्धत हीच, प्रमाण वजनानुसार कमी. आपला हिरवा राघू किंवा पहाडी पोपट मात्र घरात पाळता येत नाही, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तो गुन्हा आहे. असं पिल्लू झाडाखाली सापडलं तर खोक्यात ठेवून ऊब द्या आणि महाराष्ट्रात असाल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आधी काटा, मग बोट, मग नाक

एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घरात नसेल तर आजच आणा. डब्यात कापड घाला, डबा काट्यावर ठेवून शून्य करा आणि पिल्लू आत बसवा. रोज सकाळी, पहिल्या घासाआधी, एकाच वेळेला वजन करून लिहून ठेवायचं. मोठ्या कॉकाटीलचं वजन साधारण ८० ते १०० ग्रॅम आणि सन कॉन्योरचं १०० ते १२० ग्रॅम असतं. एवढ्याशा जिवात आठ-दहा ग्रॅम कमी झाले तरी डोळ्यांना पत्ता लागत नाही, काटा मात्र सांगतो.

मग पिशवी बघा, म्हणजे क्रॉप. गळ्याखाली, छातीच्या हाडाच्या वर, किंचित उजवीकडे ती असते. तर्जनीचं टोक टेकवून अगदी हलकं दाबा. नुकत्याच भरवलेल्या पिल्लाची पिशवी पाणी भरलेल्या छोट्या फुग्यासारखी लागते. रिकामी असेल तर नुसती सैल, सुरकुतलेली कातडी. कणकेच्या गोळीसारखं काही बोटाला लागलं तर अन्नातलं पाणी शोषलं जाऊन चोथा आत बसलाय, आणि पिल्लाच्या अंगात पाणी कमी पडलंय. रात्रीचं शेवटचं भरवणं सकाळपर्यंत पूर्ण उतरलेलं असायला हवं. चोवीस तासांत एकदा तरी पिशवी रिकामी व्हायलाच हवी, हा नियम मोडू नका. जुन्या अन्नावर नवं घातलं की ते आंबायला वेळ लागत नाही.

तिसरी खूण वासाची. चोचीजवळ नाक नेलं आणि आंबलेल्या पिठासारखा वास आला, तर पिशवीत बुरशी किंवा जिवाणू वाढलेत. याला ‘सावर क्रॉप’ म्हणतात.

विष्ठेकडेही बघा. निरोगी विष्ठेत तीन भाग दिसतात: हिरवट किंवा तपकिरी घट्ट भाग, पांढरा भाग आणि भोवती थोडं पाणी. फॉर्म्युल्यावरच्या, म्हणजे पाण्यात कालवून भरवायच्या तयार पिठावर वाढणाऱ्या पिल्लाची विष्ठा जरा पातळ असते, त्याला घाबरू नका. पण अगदी थोडी, चिकट, काळपट हिरवी विष्ठा पडत असेल तर पोटात अन्न जात नाहीये.

पिल्लू तोंड उघडून श्वास घेत असेल, श्वासाबरोबर शेपूट वर-खाली होत असेल, श्वासाला टिकटिक किंवा घरघर असा आवाज असेल, किंवा ते खोक्याच्या तळाशी मान टाकून बसलं असेल, तर पुढचं काहीही घरी करू नका. ऊब द्या आणि डॉक्टरकडे न्या. अशा पिल्लाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही.

ऊब

पिसं नसलेल्या पिल्लाला ३३ ते ३५ अंश सेल्सिअस, पिसांचे कोंब फुटलेल्याला २९ ते ३२ आणि अंग पिसांनी झाकलेल्याला २४ ते २७ अंश लागतात. पिसं आलेलं पण आजारी पडलेलं पिल्लू पुन्हा २९ ते ३२ अंशांवर न्यायचं. पावसाळ्यात कोकणात हवा दमट असली तरी फरशीवरचं खोकं गारच असतं, आणि पुण्या-नाशिकच्या हिवाळी पहाटे पारा पंधरा अंशांच्याही खाली जातो. पिल्लू सकाळी खात नाही पण दुपारी खातं, अशी तक्रार असेल तर थर्मामीटर बघा.

पुठ्ठ्याचं किंवा प्लास्टिकचं खोकं घ्या, तळाला पेपर नॅपकिनचे दोन-तीन थर द्या. शेकायचं इलेक्ट्रिक पॅड सगळ्यात कमी आचेवर ठेवून त्यावर घडी घातलेला टॉवेल पसरा आणि खोक्याचा फक्त अर्धा भाग त्यावर येऊ द्या. उकडायला लागलं तर पिल्लाला सरकायला गार बाजू हवी. थर्मामीटर खोक्याच्या झाकणाशी नको, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर हवा. शेक कोरडा असतो, म्हणून वर जाळी बसवलेली पाण्याची छोटी वाटी आत ठेवा. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवायची आणि गार झाली की बदलायची. पंख अंगापासून लांब धरून पिल्लू धापा टाकायला लागलं तर ऊब जास्त झाली.

त्या खोलीत कापूर, धूप, उदबत्ती, डासांची कॉइल लावायची नाही. रिकामं नॉनस्टिक भांडं गॅसवर तापलं तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो.

अर्धा-पाऊण तास ऊब मिळाल्यावर पुष्कळ पिल्लं स्वतःहूनच मान वर करून चिवचिवाट सुरू करतात. तोवर थांबा.

घासाची उष्णता

खाणं नाकारण्याचं सगळ्यात साधं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे गार फॉर्म्युला. भरवताना तो ३९ ते ४१ अंश सेल्सिअस असला पाहिजे. ३८ च्या खाली गेला की पिल्लू थुंकून टाकतं, आणि आत गेलाच तर पिशवी मंदावते. ४३ च्या वर पिशवी आतून भाजते. ही भाजलेली जागा त्याच दिवशी दिसत नाही. काही दिवसांनी गळ्याखाली खपली धरते आणि पिशवीला भोक पडून तिथून अन्न बाहेर झिरपतं, तेव्हा कळतं. मनगटावर थेंब टाकून केलेला अंदाज इथे चालत नाही, डिजिटल थर्मामीटरच वापरा. मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात गरम करू नका, कुठे कोमट आणि कुठे उकळता असा फॉर्म्युला होतो.

वाटीतला आठ-दहा मिली फॉर्म्युला दोन-तीन मिनिटांतच गार होतो. त्यामुळे पहिले घास भराभर खाल्ले आणि मग तोंड फिरवलं, की घरच्यांना वाटतं पोट भरलं. उपाय सोपा आहे: फॉर्म्युल्याची वाटी गरम पाण्याच्या मोठ्या वाटीत ठेवा, दर घासाआधी ढवळा आणि मधूनमधून थर्मामीटर बुडवून बघा.

पाण्याचं प्रमाण पाकिटावर लिहिलेलं असतं, तेच पाळा. चार आठवड्यांच्या पुढच्या पिल्लासाठी तो साधारण आंबोळीच्या पिठाइतका दाट असतो. पण काही तास न खाल्लेल्या पिल्लाचं पहिलं भरवणं ताकाइतकं पातळ हवं, कारण त्याला आधी पाण्याची गरज असते. उरलेला फॉर्म्युला टाकून द्या; फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा गरम करू नका.

एका वेळचं प्रमाण वजनाच्या दहा टक्के. ५० ग्रॅमच्या पिल्लाला ५ मिली, ८० ग्रॅमच्याला ८ मिली. खंड पडल्यानंतर पहिल्यांदा याच्या निम्मं द्या आणि पिशवी उतरली की पुढचं.

दुधात भिजवलेली पोळी किंवा दूधभात देऊ नका. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. लहान मुलांसाठीचं धान्याचं पीठ एखाद्या रात्रीची वेळ निभावून नेईल, पण त्यावर पिल्लू वाढवू नका. त्याच्या वाढीला लागणारी प्रथिनं आणि कॅल्शियम त्यात पुरेसं नसतं.

भरवताना

पिल्लू टेबलावर टॉवेलवर उभं किंवा बसलेलं हवं, उताणं कधीच नको. एका हाताच्या दोन बोटांनी डोकं मागून नुसतं आधाराला धरा, आवळू नका. चोचीच्या दोन्ही कडांना मऊ उंचवटे असतात, त्यांना बोटांनी हलकेच स्पर्श केला की भुकेलं पिल्लू मान वर-खाली हलवत पंप मारायला लागतं. सिरिंजचं टोक पिल्लाच्या डाव्या बाजूने आत न्यायचं आणि रोख उजवीकडे ठेवायचा, कारण अन्ननलिका मानेत उजवीकडे असते. पंपिंग चालू असेल तेव्हाच फॉर्म्युला सोडा, थांबलं की तुम्हीही थांबा. पंपिंग सुरू असताना श्वासनलिकेचं तोंड मिटलेलं असतं. मान स्थिर असताना सोडलेला प्रत्येक थेंब धोक्याचा.

नवख्या माणसाने सिरिंजऐवजी दोन्ही कडा वर वळवलेला छोटा चमचा वापरावा. वेळ जास्त लागतो, पण वेग पिल्लाच्या हातात राहतो. नळी थेट पिशवीत घालून भरवायचं काम डॉक्टरवर सोडा.

ऊब देऊनही पिशवी उतरलेली नाही, पण पिल्लू शुद्धीत आहे आणि गिळतंय, अशा वेळी दोन-तीन मिली कोमट पाणी द्या आणि पिशवीवर बोट अगदी हळू गोल फिरवा. दोन-तीन तासांत निम्मी उतरली नाही तर डॉक्टर गाठा. खाण्याचा सोडा, व्हिनेगर, किंवा पिल्लू उलटं धरून पिशवी पिळणं, यातलं काहीही नको. उलटं धरल्यावर आतलं आंबलेलं पाणी सरळ श्वासनलिकेत जातं. घरात पडलेलं अँटिबायोटिकही देऊ नका, कारण बुरशी असेल तर ती त्याने उलट फोफावते.

ज्या नकाराची काळजी नको

उडायला लागण्याच्या सुमारास, म्हणजे कॉकाटील चार-पाच आठवड्यांचं आणि सन कॉन्योर सात-आठ आठवड्यांचं होताना, धडधाकट पिल्लूही सिरिंज ढकलून देतं. उडता यावं म्हणून शरीर हलकं होतं, वजन दहा टक्क्यांच्या आसपास उतरतं. असं पिल्लू पंख फडफडवतं, चोचीने सगळं कुरतडतं, डोळे टवटवीत असतात. त्याला जबरदस्ती करू नका. दुपारचं भरवणं कमी करा, सकाळ-रात्रीचं चालू ठेवा आणि समोर खाणं मांडा: राळ्याची कणसं, पाच-सहा तास भिजवून धुतलेली बाजरी, मक्याचे उकडलेले दाणे, उकडलेला लाल भोपळा, शेवग्याचा पाला. ओलं खाणं उन्हाळ्यात दोन तासांत उचला. ॲव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण आणि मीठ घातलेलं काहीही वर्ज्य.

‘सेल्फ झालंय’, म्हणजे स्वतःचं स्वतः खातं, असं सांगून विकलेलं पिल्लू नव्या घरात खाणं सोडतं, हा प्रकार वेगळा आणि जास्त फसवा. ते भांड्यात चोच मारताना दिसतं, दाणे फुटतात, पण पोटात काही जात नाही. भांड्यावर फुंकर मारा: वर टरफलं असतील तर उडून जातील आणि खाली किती दाणे उरले ते कळेल. संध्याकाळी पिशवी चाचपा. रिकामी लागली तर त्याच रात्रीपासून पुन्हा दोन वेळा भरवायला सुरुवात करा. विकणाऱ्याला विचारा की फॉर्म्युला कोणता होता, चमचा होता की सिरिंज, आणि वेळा कोणत्या. तेच सगळं तसंच ठेवा. मोठ्या वयात पुन्हा भरवल्याने पिल्लू बिघडत नाही. भूक लागली की आपोआप खाईल म्हणून उपाशी ठेवणं मात्र क्रूर आहे, आणि त्याने पिल्लू शिकत नाही, खंगतं. कॉकाटीलला सगळं स्वतः खायला सात ते दहा आठवडे लागतात, सन कॉन्योरला नऊ ते बारा. रात्रीचं भरवणं सगळ्यात शेवटी सोडायचं, आणि तेही सलग चार दिवस वजन टिकल्यावर.

डॉक्टरकडे कधी

चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लाने ओळीने दोन वेळा नाकारलं, मोठ्याने दिवसभर काही खाल्लं नाही, किंवा वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, तर त्याच दिवशी. फोनवर आधी विचारा की पक्षी बघता का, कारण सगळे पशुवैद्य बघत नाहीत. पांढऱ्याच्या जागी पोपटी हिरवा भाग विष्ठेत दिसत असेल आणि घरात कोणाला ताप-खोकला असेल, तर आपल्या डॉक्टरांनाही घरात पोपट आहे हे सांगा. सिटॅकोसिस हा आजार पक्ष्यांकडून माणसांना होतो.

जाताना खोक्यात पाण्याची वाटी ठेवू नका, हिंदकळून पिल्लू भिजतं. टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली एका बाजूला, वर सुती कापड, आणि रिक्षात खोकं मांडीवर. सोबत वजनाची वही, फॉर्म्युल्याचं पाकीट आणि तळाचा विष्ठा पडलेला पेपर घडी न घालता न्या.